‘एक वर्ष’ म्हणजे नक्की किती वर्षं? बेसबॉलमधल्या एका कलमाची गोष्ट

अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसांत संपतो आणि मार्चच्या अखेरीस पुन्हा सुरू होतो. मधले चार-पाच महिने एकही सामना नसतो, पण बेसबॉलच्या चाहत्यांचं भांडण मात्र याच दिवसांत रंगात येतं. कुठला खेळाडू कुठल्या संघात जाणार, कोणाच्या बदल्यात कोण येणार, मालक पैसा का सोडत नाही, तिशी ओलांडलेल्या माणसाला दहा वर्षांचा करार देणाऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे का, वगैरे. या गप्पांना तिकडे ‘हॉट स्टोव्ह लीग’ म्हणतात. हिवाळ्यात दुकानातल्या तापलेल्या शेगडीभोवती बसून मारायच्या गप्पा, म्हणून हे नाव. आपल्याकडच्या पारावरच्या गप्पांची ही थंड प्रदेशातली बहीण.

माझं संशोधन श्रमाच्या बाजारावर आहे: कामगाराचा पगार कसा ठरतो, आणि त्याला नोकरी बदलता येत नसेल तेव्हा काय होतं. मग मध्येच बेसबॉल कुठून आलं, असं मला अनेकांनी विचारलंय. उत्तर सोपं आहे. कारखान्यातल्या एका कामगारानं नेमकं किती उत्पादन केलं हे मोजणं महाकठीण. बेसबॉलमध्ये मात्र जवळजवळ दीडशे वर्षांपासून प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक खेळीची नोंद आहे. पगार माहीत, कामगिरी माहीत, मालक मोजके, आणि नियम कधी बदलले त्याच्या तारखाही माहीत. विज्ञान शिकलेल्या माणसाला याहून चांगली प्रयोगशाळा कुठे मिळणार? आणि या प्रयोगशाळेतला सगळ्यात मोठा प्रयोग एका कलमावर झाला. आज जी आठ-दहा वर्षांच्या करारांची चर्चा चालते, ती या कलमाचा अर्थ बदलला म्हणून शक्य झाली. आजची गोष्ट त्याचीच.

१८७९: आधी पाच, मग सगळे

नॅशनल लीग सुरू झाली १८७६ मध्ये. त्या काळात करार हंगामापुरता असायचा. हंगाम संपला की खेळाडू मोकळा, जो जास्त देईल त्याच्याकडे जाणार. मालकांना हे परवडेना. सप्टेंबर १८७९ मध्ये बफेलो शहरात मालकांची बैठक झाली आणि आपापसांत ठरलं, की प्रत्येक संघानं आपले पाच खेळाडू ‘राखून’ ठेवायचे. या पाच जणांना बाकीच्या कुठल्याही संघानं हात लावायचा नाही. हा ठराव गुपचूप झाला होता.

सुरुवातीला काही खेळाडूंना हा मान वाटला. पाचांत आपलं नाव म्हणजे आपण संघातले बिनीचे शिलेदार! पण पाचाचे अकरा झाले, अकराचे चौदा झाले, आणि शेवटी संपूर्ण संघच राखीव झाला. मग हीच अट खेळाडूच्या करारात छापली जाऊ लागली. तिचं नाव ‘रिझर्व्ह क्लॉज’.

याचा व्यवहारातला अर्थ नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. समजा तुम्ही एका कंपनीत एका वर्षाच्या करारावर लागलात. वर्ष संपलं. कंपनी म्हणते, ‘तुमचा करार आम्ही आणखी एक वर्ष वाढवतोय, पगार आम्ही ठरवू.’ तुम्हाला मान्य नाही? ठीक आहे, घरी बसा. पण तुमच्या क्षेत्रातली दुसरी कुठलीही कंपनी तुम्हाला घेणार नाही, कारण त्या सगळ्यांचा तसा करार आहे. आणि कंपनीला वाटलं तर ती तुम्हाला न विचारता दुसऱ्या शहरातल्या कंपनीला देऊन टाकेल, बदल्यात तिकडचा एक माणूस घेईल. यालाच ‘ट्रेड’ म्हणतात. हा शब्द चाहते इतक्या सहज वापरतात, की तो माणसांबद्दल आहे हे आपण विसरूनच जातो.

खेळाडूंच्या हे लक्षात यायला वेळ लागला नाही. न्यूयॉर्कचा खेळाडू जॉन माँटगोमेरी वॉर्ड खेळता खेळता कोलंबिया विद्यापीठातून कायद्याचा पदवीधर झाला होता. त्यानं १८८५ मध्ये खेळाडूंची पहिली संघटना उभी केली आणि दोन वर्षांनी एका मासिकात सरळ प्रश्न विचारला, की बेसबॉलपटू ही मालकाची जंगम मालमत्ता आहे काय? गुलामगिरी संपून तेव्हा जेमतेम बावीस वर्षं झाली होती. वाचणाऱ्याला तो शब्द कुठे लागत असेल, याची कल्पना करा. १८९० मध्ये वॉर्ड आणि त्याच्या साथीदारांनी खेळाडूंची स्वतंत्र लीगच काढली. ती एकच हंगाम चालली. भांडवल देणाऱ्यांनी माघार घेतली आणि खेळाडू निमूटपणे जुन्या मालकांकडे परतले.

‘हा धंदाच नाही’

मालकांनी एकत्र येऊन बाजार बांधून ठेवायचा नाही, असा अमेरिकेत १८९० पासून कायदा आहे. मग बेसबॉलला तो लागू कसा नाही? याचं उत्तर १९२२ च्या एका निकालात आहे. बंद पडलेल्या एका प्रतिस्पर्धी लीगच्या बाल्टिमोर संघानं दावा लावला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या वतीनं न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी एकमतानं निकाल दिला. त्याचा सारांश असा: बेसबॉलचा सामना हा त्या त्या राज्यातला स्थानिक कार्यक्रम आहे. त्यासाठी संघ रेल्वेनं एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातात हे खरं, पण ते आनुषंगिक. म्हणून हा आंतरराज्य व्यापार नाही, आणि व्यापार नाही म्हणून कायदा लागू नाही.

पुढे रेडिओ आला, टीव्ही आला, सामने देशभर दिसू लागले, कोट्यवधी डॉलरची उलाढाल झाली. १९५३ मध्ये पुन्हा एक खेळाडू न्यायालयात गेला. न्यायालयानं जुनाच निकाल कायम ठेवला आणि काय बदलायचं ते संसदेनं बदलावं असं सांगितलं. गंमत म्हणजे, १९५५ मध्ये मुष्टियुद्धाला आणि १९५७ मध्ये अमेरिकन फुटबॉलला मात्र हाच कायदा लागू आहे असं त्याच न्यायालयानं ठरवलं. म्हणजे ठोसे मारणं हा व्यापार, आणि चेंडू मारणं नाही!

कर्ट फ्लडचा नकार

ऑक्टोबर १९६९. सेंट लुइस कार्डिनल्स संघाचा कर्ट फ्लड बारा वर्षं त्या संघात होता. क्षेत्ररक्षणासाठी देतात तो ‘गोल्ड ग्लव्ह’ पुरस्कार त्याला सात वर्षं ओळीनं मिळाला होता. दोन वेळा त्यानं संघासोबत वर्ल्ड सीरिज जिंकली होती. पगार ९० हजार डॉलर. एके दिवशी त्याला कळवण्यात आलं, की तुला फिलाडेल्फियाला ट्रेड केलंय.

या सौद्यातली एक बाजू मला फार महत्त्वाची वाटते. फिलाडेल्फियाहून सेंट लुइसला यायचा होता डिक ॲलन. तोही कृष्णवर्णीय, आणि फिलाडेल्फियाच्या प्रेक्षकांनी त्याला इतका छळला होता, की त्याला तिथून सुटायचंच होतं. म्हणजे एकाच सौद्यात एकाची सुटका झाली आणि दुसरा उखडला गेला. दोघांनाही विचारलं मात्र नव्हतं. सुटका झाली तीही मालकाच्या मर्जीनं.

फ्लडनं ठरवलं, जायचं नाही. तो खेळाडू संघटनेचा प्रमुख मार्विन मिलर याच्याकडे गेला. मिलर हा मूळचा पोलाद कामगारांच्या युनियनमधला अर्थतज्ज्ञ, १९६६ मध्ये इकडे आलेला. मिलरनं त्याला स्पष्ट सांगितलं, की तू बहुधा हरशील, आणि जिंकलास तरी तुझ्या हयातीतल्या खेळाला त्याचा काही उपयोग होणार नाही. फ्लडनं विचारलं, बाकीच्या खेळाडूंना होईल का? मिलर म्हणाला, होईल. मग झालं तर, असं त्याचं म्हणणं. संघटनेच्या प्रतिनिधींनी एकमतानं खटल्याचा खर्च उचलायचं ठरवलं.

२४ डिसेंबर १९६९ ला फ्लडनं बेसबॉलचे आयुक्त बोई कून यांना पत्र लिहिलं. आशय असा, की बारा वर्षं खेळल्यावर मी खरेदी-विक्रीची वस्तू आहे असं मला वाटत नाही, आणि इतर संघांकडून प्रस्ताव ऐकायचा मला हक्क आहे. फिलाडेल्फिया त्याला एक लाख डॉलर द्यायला तयार होता, हे इथे लक्षात घ्या. इतका पगार असलेला माणूस गुलामगिरीची भाषा करतो, यावर वर्तमानपत्रांत आणि चाहत्यांत बरीच टीका झाली. फ्लडचं म्हणणं साधं होतं, की पगार कितीही चांगला असला तरी माणूस विकला जातोय ही गोष्ट बदलत नाही.

खटल्यात त्याच्या बाजूनं साक्ष द्यायला जॅकी रॉबिन्सन आला, जुन्या काळचा हँक ग्रीनबर्ग आला. पण तेव्हा खेळत असलेला एकही खेळाडू न्यायालयात येऊन बसला नाही. सगळ्यांना आपापल्या नोकरीची भीती. १९ जून १९७२ ला सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ३ मतांनी फ्लडच्या विरुद्ध निकाल दिला. बेसबॉलला मिळालेली सूट विसंगत आहे हे न्यायालयानं मान्य केलं, पण इतकी वर्षं चाललेली विसंगती संसदेनंच दूर करावी, असं म्हटलं. फ्लड १९७० चा पूर्ण हंगाम खेळला नाही. १९७१ मध्ये वॉशिंग्टनकडून जेमतेम तेरा सामने खेळून तो निघून गेला. त्याची कारकीर्द संपली होती.

तोवर अर्थशास्त्रज्ञ काय म्हणत होते?

इथे थोडं विषयांतर, पण ते माझ्या कामाच्या जवळचं आहे. मालकांचा एकच मोठा युक्तिवाद होता: रिझर्व्ह क्लॉज काढला तर श्रीमंत संघ सगळे चांगले खेळाडू पळवतील, बाकी संघ नावापुरते राहतील आणि खेळ मरेल. चाहत्यांनाही हे पटायचं. आजही पटतं.

१९५६ मध्ये सायमन रॉटनबर्ग या अर्थशास्त्रज्ञानं यावर एक निबंध लिहिला. त्याचा मुद्दा असा. समजा छोट्या शहरातल्या संघाकडे एक जबरदस्त खेळाडू आहे. तिथे तो वर्षाला दोन लाखांची जादा कमाई करून देतो, आणि न्यूयॉर्कमध्ये पाच लाखांची करून देईल. रिझर्व्ह क्लॉज असेल तर छोटा मालक त्याला न्यूयॉर्कला विकेल, कारण दोन आणि पाचच्या मधली कुठलीही किंमत दोन्ही मालकांच्या फायद्याची आहे. रिझर्व्ह क्लॉज नसेल तर खेळाडू स्वतःच न्यूयॉर्कला जाईल. खेळाडू दोन्ही वेळेला पोहोचणार न्यूयॉर्कलाच! फरक एवढाच, की मधला पैसा पहिल्या वेळी मालकाच्या खिशात जातो आणि दुसऱ्या वेळी खेळाडूच्या.

याचा पुरावा त्या वेळी डोळ्यांसमोर घडत होता. १९४९ ते १९६४ या सोळा वर्षांत न्यूयॉर्क यांकीज चौदा वेळा वर्ल्ड सीरिजपर्यंत पोहोचले. रिझर्व्ह क्लॉज तेव्हा पूर्ण ताकदीनिशी अस्तित्वात होता. त्याच काळात कॅन्सस सिटीचा संघ आपले चांगले खेळाडू एकामागून एक यांकीजना देत होता. १९५९ च्या डिसेंबरात गेलेला रॉजर मॅरिस त्यातलाच, ज्यानं पुढे १९६१ मध्ये ६१ होमरन मारून बेब रूथचा विक्रम मोडला. कुंपण होतं, पण ते शेत राखण्यासाठी नव्हतं.

दुसरा निबंध १९७४ चा, जेराल्ड स्कली यांचा. त्यांनी प्रश्न विचारला, की खेळाडू मालकाला किती कमावून देतो आणि त्यातलं त्याला किती मिळतं? पद्धत अशी: खेळाडूच्या कामगिरीमुळे संघ किती जास्त सामने जिंकतो ते आधी काढायचं, मग जिंकण्याच्या प्रमाणामुळे संघाचं उत्पन्न किती वाढतं ते काढायचं, आणि दोन्हींची सांगड घालायची. फलंदाजांसाठी त्यांनी फटक्यांच्या ताकदीचा एक आकडा घेतला आणि पिचरसाठी बाद केलेल्यांचं आणि फुकट चालू दिलेल्यांचं प्रमाण. आज ही पद्धत आम्हाला ओबडधोबड वाटते. पण उत्तर इतकं ठसठशीत होतं, की पद्धतीतल्या उणिवांनी ते पुसलं जात नाही. ढोबळमानानं, खेळाडूनं शंभर डॉलर कमावून दिले तर त्याच्या हातात दहा ते वीस पडत होते.

कलम १० अ

न्यायालयाचा दरवाजा बंद झाला. पण मिलरनं दरम्यान एक खिडकी उघडून ठेवली होती. १९७० च्या सामूहिक करारात त्यानं एक अट घालून घेतली होती, की करारावरून तंटा झाला तर निवाडा त्रयस्थ लवाद करेल. त्याआधी असे तंटे आयुक्तांकडे जायचे, आणि आयुक्त मालकांनी नेमलेला.

या लवादाचा पहिला धमाका १९७४ मध्ये झाला. ओकलंडचा पिचर ‘कॅटफिश’ हंटर याच्या एक लाख डॉलरच्या पगारातला अर्धा भाग एका विमा योजनेत भरायचं मालक चार्ली फिन्लीनं लिहून दिलं होतं. करात लगेच सूट मिळत नाही हे कळल्यावर त्यानं पैसे भरलेच नाहीत. लवाद पीटर साइट्झ यांनी निर्णय दिला, की मालकानं करार मोडला, सबब हंटर मोकळा. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक सगळ्या संघांचे लोक नॉर्थ कॅरोलायनातल्या एका छोट्या गावात, हंटरच्या वकिलाच्या कचेरीत जाऊन आले. ३१ डिसेंबरला यांकीजनी त्याच्याशी पाच वर्षांचा करार केला, तीस लाख डॉलरहून जास्त रकमेचा. स्कलींनी कागदावर जे काढलं होतं ते आता सगळ्यांना दिसलं. लाखाच्या माणसाची बाजारातली किंमत वर्षाला सहा-सात लाख होती.

पण हंटरची गोष्ट अपवाद होती. मूळ कलम तसंच होतं. मिलर ते कलम पुन्हा पुन्हा वाचत होता. खेळाडूच्या छापील करारातलं कलम १० अ सांगत होतं, की मार्चच्या सुरुवातीपर्यंत नव्या करारावर सही झाली नाही, तर संघाला जुना करार त्याच अटींवर एक वर्षासाठी वाढवता येईल.

एक वर्षासाठी. मालकांचं वाचन असं: करार वाढला, म्हणजे त्यातलं वाढवण्याचं कलमसुद्धा वाढलं. मग पुढच्या वर्षी पुन्हा एक वर्ष, त्यापुढे पुन्हा एक वर्ष, खेळाडू म्हातारा होईपर्यंत. मिलरचं वाचन असं: एक वर्ष म्हणजे एक वर्ष. ज्यांनी कधी कोड लिहिलाय त्यांना हा वाद लगेच कळेल. हे कलम एकदाच चालायचं, की स्वतःलाच पुन्हा पुन्हा हाक मारत राहायचं?

हे तपासायला असा खेळाडू हवा होता, जो सही न करता अख्खा हंगाम खेळेल. सही केली की नवा करार सुरू आणि मोजणी पुन्हा शून्यावर. लॉस एंजेलिस डॉजर्सच्या अँडी मेसरस्मिथचं मालकांशी वाजलं होतं. ‘मला विचारल्याशिवाय ट्रेड करायचं नाही’ एवढी अट त्याला हवी होती, आणि मालक ती द्यायला तयार नव्हते. तो १९७५ चा हंगाम सहीविना खेळला. मिलरला भीती होती, की शेवटच्या क्षणी मालक मोठी रक्कम पुढे करून त्याची सही घेतील. म्हणून त्यानं जोडीला दुसरं नाव घेतलं: डेव्ह मॅकनॅली. हा बाल्टिमोरचा एके काळचा मोठा पिचर, माँट्रियलला ट्रेड झाला होता. सही न करताच खेळत होता, आणि जूनमध्ये खेळ सोडून माँटानातल्या आपल्या घरी परतला होता. त्याला परत खेळायचंही नव्हतं. मिलरनं पुढे लिहिलंय, की माँट्रियलच्या अधिकाऱ्यानं त्याच्या गावी जाऊन मोठ्या पगाराची तयारी दाखवली. मॅकनॅलीनं नाही म्हटलं.

२३ डिसेंबर १९७५ ला साइट्झ यांनी निर्णय दिला: एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. मालकांनी तिथल्या तिथे साइट्झ यांना लवादपदावरून काढलं आणि संघीय न्यायालयात धाव घेतली. दोन्ही पायऱ्यांवर ते हरले. ९६ वर्षं चाललेली व्यवस्था संपली. ना घटनेच्या मुद्द्यावर, ना मानवी हक्कांच्या. करारातल्या एका शब्दाच्या साध्या अर्थावर. जो फ्लड तत्त्वासाठी लढला तो हरला, आणि व्याकरण जिंकलं. पण फ्लडनं वातावरण तापवलं नसतं, तर खेळाडू मिलरच्या मागे इतके घट्ट उभे राहिले असते असं मला वाटत नाही.

लासलगावचा कांदा आणि फ्री एजंट

आता खरी गंमत. निर्णयानंतर तांत्रिकदृष्ट्या जवळजवळ प्रत्येक खेळाडू वर्षभर सहीविना खेळून मोकळा होऊ शकत होता. मालक हवालदिल. फक्त एकानं वेगळी सूचना केली, आणि तो होता तोच हंटरवाला फिन्ली. त्याचं म्हणणं: करून टाका ना सगळ्यांना दरवर्षी मोकळे!

बाकी मालकांना वाटलं, याला वेड लागलंय. मिलरनं मात्र नंतर सांगितलं, की सगळ्यात जास्त भीती त्याला याच सूचनेची होती. का? लासलगावच्या बाजारात सगळ्यांचा कांदा एकाच आठवड्यात आला की भावाचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे. तसंच दर हिवाळ्यात सहाशे खेळाडू एकदम बाजारात उतरले तर प्रत्येक जागेसाठी पंचवीस पर्याय, आणि भाव कोसळणार. उलट दरवर्षी मोजकेच खेळाडू मोकळे झाले, तर तेवढ्यांसाठी संघ एकमेकांवर चढाओढ करणार. आणि त्या मोजक्यांना मिळालेला भाव बाकीच्यांच्या पगाराचा मापदंड होणार.

म्हणून जुलै १९७६ च्या करारात संघटनेनं स्वतःहून मर्यादा मान्य केली, की सहा वर्षं सेवा झाल्यावरच खेळाडू फ्री एजंट. मालकांना वाटलं आपण बरंच वाचवलं. सरासरी पगार १९७५ मध्ये सुमारे ४५ हजार डॉलर होता. १९८० पर्यंत तो १ लाख ४० हजारांच्या पुढे गेला.

मग खेळ मेला का?

१९७८ ते १९८७ या दहा वर्षांत वर्ल्ड सीरिज दहा वेगवेगळ्या संघांनी जिंकली. यांकीजच्या त्या सोळा वर्षांशी तुलना करून बघा. पण इथे सावध राहायला हवं. १९६५ पासून नवोदितांच्या निवडीसाठी ‘ड्राफ्ट’ सुरू झाला होता, ज्यात खालच्या क्रमांकावरच्या संघाला आधी निवडायची संधी मिळते. समतोलाचं किती श्रेय कोणाला, हे या एका आकड्यावरून वेगळं करता येत नाही. एवढं मात्र नक्की म्हणता येतं, की ‘खेळाडू मोकळे केले तर खेळ मरेल’ हे भाकीत खोटं ठरलं.

मालकांनी मात्र हार मानली नव्हती. १९८५ नंतर तीन हिवाळे मोठमोठे खेळाडू फ्री एजंट झाले आणि त्यांना बाहेरच्या संघांकडून जवळजवळ विचारणाच होईना. आंद्रे डॉसनचे गुडघे माँट्रियलच्या कृत्रिम गवतानं बिघडले होते; त्याला शिकागो कब्जकडेच जायचं होतं. अखेर १९८७ मध्ये त्यानं कब्जसमोर कोरा करार ठेवला, आकडा तुम्ही भरा म्हणून. त्यांनी पाच लाख भरले, आधीच्या पगाराच्या जवळपास निम्मे. त्या वर्षी तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. लवादांनी पुढे निर्णय दिला, की मालकांनी संगनमत केलं होतं. १९९० मध्ये २८ कोटी डॉलरची भरपाई ठरली.

त्या तीन हिवाळ्यांत चाहते काय म्हणत असतील? ‘मालक आता शहाणे झाले, उधळपट्टी थांबली.’ बाहेरून बघणाऱ्याला शहाणपण आणि संगनमत सारखंच दिसतं. हिवाळ्यातल्या वादात हा धोका कायमचा आहे.

आजच्या शेगडीभोवती

आता आज चालणारे तीन वाद या इतिहासावर ठेवून बघू.

पहिला: ‘खेळाडूंच्या पगारामुळे तिकिटं महागली.’ तिकिटाचा भाव मालक पगाराकडे बघून ठरवत नाही, लोक किती मोजायला तयार आहेत हे बघून ठरवतो. उद्या सगळे खेळाडू फुकट खेळले तरी तो तिकीट स्वस्त करणार नाही. रॉटनबर्गचाच मुद्दा: पैसा येणारच आहे, प्रश्न तो कोणाच्या खिशात जातो एवढाच.

दुसरा: ‘हे आकडे वेडेपणाचे आहेत.’ शोहेई ओतानीचा डिसेंबर २०२३ मधला करार दहा वर्षांचा, ७० कोटी डॉलरचा. पण त्यातले ६८ कोटी त्याला २०३४ ते २०४३ मध्ये, बिनव्याजी मिळणार आहेत. आजच्या किमतीत मोजलं तर हा करार वर्षाला सुमारे ४ कोटी ६० लाखांचा आहे, आणि खर्चावरच्या कराच्या हिशेबातही तोच आकडा धरला जातो. बातमीतला आकडा आणि खरी किंमत यांत हा एवढा फरक!

तिसरा वाद सगळ्यात कमी ऐकू येतो, आणि माझ्या मते तोच खरा आहे. सहा वर्षांची अट अजून तशीच आहे. पहिली साधारण तीन वर्षं खेळाडूला जवळपास किमान वेतनच मिळतं, पुढची तीन वर्षं पगाराचा तंटा लवादाकडे नेता येतो, मग स्वातंत्र्य. किमान वेतन २०२६ साठी ७ लाख ८० हजार डॉलर आहे, कमी नाही. पण बेसबॉलपटूची सर्वोत्तम वर्षं विशीच्या उत्तरार्धात येतात, म्हणजे नेमकी याच बांधलेल्या काळात. एका वर्षाची सेवा भरायला १७२ दिवस लागतात. २०१५ मध्ये कब्जनी क्रिस ब्रायंटला सुरुवातीचे काही दिवस खालच्या लीगमध्ये ठेवलं आणि त्याचे दिवस भरले १७१. एका दिवसानं त्याचं स्वातंत्र्य एक वर्ष पुढे गेलं. त्यानं तक्रार केली, पण २०२० मध्ये लवादानं ती फेटाळली. ‘एक वर्ष म्हणजे किती’ हा प्रश्न १९७५ मध्ये सुटला असं आपण म्हणतो. तो सुटला नाही, वर्षांवरून दिवसांवर आला.

सध्याचा सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. डॉजर्सनी भरमसाट खर्च करून २०२४ आणि २०२५ अशा लागोपाठ दोन वर्ल्ड सीरिज जिंकल्यावर, इतर खेळांसारखी पगाराची कमाल मर्यादा बेसबॉलमध्येही हवी, असं अनेक चाहते म्हणू लागलेत. त्यांची चिडचिड खोटी नाही. आपला संघ हंगाम सुरू व्हायच्या आधीच हरलाय असं वाटणं वाईटच. पण मर्यादा आल्यावर जो पैसा खेळाडूला मिळणार नाही तो कुठे जाईल, हे विचारल्याशिवाय तो वाद पुरा होत नाही.

मार्विन मिलर २०१२ मध्ये गेला, आणि बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमनं त्याची निवड केली २०१९ मध्ये. कर्ट फ्लड १९९७ मध्ये, ५९ व्या वर्षी गेला. पुढच्याच वर्षी संसदेनं त्याच्या नावाचा कायदा केला आणि मोठ्या लीगमधल्या खेळाडूंच्या नोकरीपुरती बेसबॉलची ती जुनी सूट काढून टाकली. कायदा आला तेव्हा खेळाडूंना मोकळं होऊन बावीस वर्षं झाली होती.

पुढच्या लेखात स्कलींची पद्धत घेऊन एक छोटं गणित स्वतः करून बघू. आकडेमोड सोपी आहे, दहावीच्या पुढचं काही लागणार नाही.